गाडी काढा आता

“शमू, तुझ्या आईला सांग, डबा मिळाला म्हणून!”

डबा भाऊंच्या हातात होता, तो देणारे अलकाचे हात अजून तसेच पुढे पसरलेले होते, आणि दोघांच्या मध्ये जेमतेम वीतभर अंतर होतं… पण सासऱ्यांचा निरोप मात्र फाटकापाशी टॅक्सीत बॅगा चढवणाऱ्या नातीच्या मार्फत सुनेकडे यायचा होता! शमिकानंही तिथूनच ओरडून “आई, डबा मिळाला!” असं सांगून टाकलं. ती आता कॉलेजात होती, आणि घरातलं हे टपालखातं ती शाळेत असल्यापासून चालवत आली होती.

अलका नमस्काराला वाकली. तिची बोटं पायांना लागणार, तोच भाऊंनी पाय मागे घेतले.

“हेमंत,” ते मुलाकडे वळून म्हणाले, “मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की मी नागपूरलाच राहीन म्हणतो. पल्लवीनं बापासाठी खोली तयार करून ठेवली आहे. पाडव्यानंतर एकदा येऊन सामान घेऊन जाईन. इथं आता काय ठेवलंय माझं!”

इथं काय ठेवलंय माझं! अलकाच्या काळजाला घरं पडली. ती वाकलेली तशीच राहिली, कारण मान वर केली असती तर डोळ्यांतलं पाणी सगळ्यांना दिसलं असतं, आणि प्रवासाला निघालेल्या माणसासमोर रडणं तिला बरं वाटत नव्हतं.

टॅक्सीत बसण्यापूर्वी भाऊ अंगणाच्या कोपऱ्यात गेले. तिथं बदामाच्या झाडाखाली, निळ्या ताडपत्रीच्या आत त्यांची जुनी मारुती उभी होती. म्हणजे चारही टायर सपाट झाल्यामुळे बसली होती असंच म्हणायला हवं. भाऊंनी ताडपत्रीवरची वाळकी पानं झटकली, इकडेतिकडे पाहिलं, आणि कुणी बघत नाही असं समजून, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा आपला हात क्षणभर गाडीच्या टपावर ठेवला.

अलकानं ते पाहिलं. टॅक्सी निघून गेली, हेमंत वडिलांना पोचवायला स्टेशनवर गेला, तरी ती त्या ताडपत्रीकडे बघत किती तरी वेळ पायरीवरच उभी होती…

एके काळी तो हात तिच्या डोक्यावर होता! वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलेली अलका पुण्याहून लग्न होऊन भोपाळला, इंद्रपुरीतल्या या घरात आली, तेव्हा सासरच्या खानझोड्यांचं बोलणंसुद्धा तिला नीट कळत नसे. भाऊंचे वडील सरकारी कचेऱ्या नागपूरहून इकडे हलल्या तेव्हा त्यांच्याबरोबर आलेले, भाऊ शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेले आणि पुढे इथल्या मोठ्या कारखान्यात लागलेले. दोन पिढ्यांत घरच्या मराठीत हिंदी अशी मुरली होती, की कुठली कुठे संपते ते घरच्यांना सांगता आलं नसतं. पुण्याची सून मात्र पावलापावलाला ठेचकाळायची! लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत सासूबाई, सुमित्राबाई, सहज म्हणाल्या, “यंदा तो जुना फ्रिज काढायचा बरं का.” झालं! अलकानं पदर खोचला, तो अवजड फ्रिज एकटीनं भिंतीपासून ओढून बाहेर काढला, मागची जळमटं झाडली, फरशी घासली आणि घामाघूम होऊन शाबासकीची वाट बघत उभी राहिली. सासूबाई आल्या त्या फ्रिजचं गिऱ्हाईक घेऊन! इकडे जुनी वस्तू ‘काढायची’ म्हणजे विकून टाकायची, हे तिला त्या दिवशी कळलं. अख्खं घर पोट धरून हसलं. शरमेनं तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसताच भाऊ तेवढे हसायचे थांबले.

“हसू नका रे! बेटी आहे ती माझी. शिकेल हळूहळू आपली बोली.”

बेटी! तो शब्द तिनं मनात जपून ठेवला होता.

भाऊंचं तसं प्रेम दुसरं कुणावर असेल तर या गाडीवर. दर रविवारी ते ती स्वतः धुवायचे, आणि “चला, गाडी निकालतो!” अशी आरोळी ठोकली की सुमित्राबाई पदर सावरत पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसायच्या. ती त्यांची जागा. उन्हाळ्याच्या तोंडी वर्षाचा गहू भरायला सगळे करोंदच्या मंडीत जायचे; सुमित्राबाई प्रत्येक ढिगातला दाणा दाताखाली फोडून बघत, मनास आला की पोती डिकीत आणि मागच्या सीटवर, आणि त्या पोत्यांच्या मध्ये चिमुकल्या शमिकाला मांडीवर घेतलेली अलका. “एक दिवस तुला शिकवीन बेटा गाडी,” भाऊ आरशात बघून म्हणायचे, “मग मी आरामात मागे बसेन!”

आणि मग तो दिवस आला… सुमित्राबाईंच्या छातीत कळ आली, भाऊंनी त्याच सीटवर त्यांना बसवून दवाखान्यात नेलं. परत मात्र ते एकटेच आले. गाडीवर ताडपत्री पडली आणि भाऊ खिडकीपाशी बसून राहिले. जेवण नाही, बोलणं नाही, पेपर तसाच घडी न मोडता पडलेला. ते बघून बघून अलकाचा जीव तुटायचा. अखेर महिन्याभरानं एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातात देताना ती कळवळून बोलून गेली, “भाऊ, असं किती दिवस चालायचं? गाडी काढा आता!”

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. अशा नजरेनं, की ती दोन पावलं मागे सरली! त्यांनी कप खाली ठेवला, उठले आणि देवघरात गेले. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी तोंडातून शब्द काढला नाही.

तिला वाटलं, चुकलंच आपलं! ज्याचं सर्वस्व गेलं त्या माणसाला दुःख करायलासुद्धा सवड न देता आपण ‘जरा फिरून या’ म्हणालो! दुसऱ्या दिवशी तिनं त्यांचे पाय धरले. “माझी घाई झाली, भाऊ. मला क्षमा करा.” भाऊंनी पाय सोडवून घेतले. हेमंतनं एकदोनदा विचारलं तर “कुछ नहीं” म्हणून त्यांनी विषय मिटवला, आणि हेमंत नोकरीपायी नर्मदापुरमला, घरी फक्त शनिवार-रविवारी. त्यानंही तो उकरला नाही. सहा वर्षं अशीच गेली. घरात दुसरं कुणी नसलं की भाऊ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणत, “चहा झाला असेल तर मिळावा.” आणि ती घड्याळाच्या वतीनं चहा आणून ठेवी. त्यांची पथ्यं, त्यांची औषधं, त्यांना लागणारी मऊ भाकरी, कशात तिनं कसूर केली नाही. पण रात्री उशीला डोकं टेकलं की एकच प्रश्न तिला छळायचा. एवढ्याशा घाईची एवढी मोठी शिक्षा…?

आणि आता ते कायमचे निघाले होते! त्यांचं या घरात काय आहे, असं ते म्हणाले. पण आहे ना… ती ताडपत्रीखालची गाडी आहे! ती जर चालू झाली, पाडव्यानंतर भाऊ सामान न्यायला आले तेव्हा ती झळझळीत होऊन फाटकात उभी असली, तर त्यांचा पाय निघेल का या घरातून? निदान एकदा… एकदा तरी ते ‘बेटा’ म्हणतील!

गाडीची किल्ली सुमित्राबाईंच्या फोटोच्या खिळ्याला अडकवलेली असे. अलकानं फोटोला हात जोडले. “आई, घेते हं,” असं म्हणून तिनं किल्ली काढून घेतली.

गाडीतलं तिला काय कळत होतं? बसायचं कुठे, एवढंच! ताडपत्री काढताच उंदरांचं एक कुटुंब दिवसाढवळ्या तिच्या पायांवरून पळालं आणि तिनं ठोकलेली किंकाळी शेजारच्या तीन घरांत ऐकू गेली. सीटचा स्पंज कुरतडून त्यांनी इंजिनाच्या वरच्या डब्यात मऊ घरटं केलं होतं. वायरी खाल्लेल्या, बॅटरीवर हिरवी-पांढरी भुकटी साचलेली, टाकीतल्या पेट्रोलला जुन्या वार्निशसारखा वास, आणि मागच्या सीटखालचा पत्रा गंजून असा विरलेला, की त्यातून खालचं गवत वर आलं होतं.

“आई, तू सीरियस आहेस?” शमिकानं कपाळाला हात लावला. “आजोबांना कळलं ना, तर तेरी खैर नहीं!”

“कळू द्यायचंच नाही. तू मला त्या मोबाईलवरचे व्हिडिओ लावून दे, कार्बोरेटर कसा उघडतात त्याचे.”

“कार्बोरेटर म्हणजे काय ते तरी माहीत आहे?”

“उघडल्यावर कळेल ना!”

पिपलानीच्या गॅरेजातला आशिष नावाचा तरुण मेकॅनिक एकदा येऊन बघून गेला. त्यानं गाडीभोवती चक्कर मारली, पत्र्यावर टिचकी मारली तर पापुद्रा निघून खाली पडला. “मैडम, बुरा मत मानना… इसको निकाल दो!”

“निकालनी ही तो है, भैया!” अलका उत्साहानं म्हणाली.

त्यानं तिच्याकडे, मग गाडीकडे, मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं. ब्रेक आणि पत्र्याची वेल्डिंग तेवढी आपल्याकडे आणा, बाकी तुमची मर्जी, असं सांगून तो डोकं खाजवत निघून गेला.

मग अलकाचे ते दिवस सुरू झाले! स्वयंपाक आटोपला की ती हेमंतचा जुना शर्ट अंगात अडकवून बदामाखाली जाऊन बसे. चुका किती केल्या त्याला सुमार नाही. नव्या बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या, तर अशी ठिणगी उडाली की फ्यूज गेला आणि तिच्या भुवईचे केस गेले. दाराच्या कडेचा गंज न खरवडता वरूनच रंग मारला, तर चार दिवसांत त्याला पुरीसारखे फुगे आले. कार्बोरेटर उघडला तेव्हा त्यातून इतके बारीक स्क्रू आणि पितळी तुकडे निघाले की तिच्या तोंडचं पाणी पळालं, पण मग तिनं स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबाच धुऊन आणला, आणि मोहरी-जिरं-हळदीच्या वाट्यांत एकेका भागाचे स्क्रू वेगळे मांडले. दात घासायच्या ब्रशनं भोकं साफ केली, सुईच्या टोकानं कचरा काढला, व्हिडिओतला माणूस जिथे थांबेल तिथे थांबून, पुन्हा पुन्हा मागे नेऊन. हातांना पेट्रोलचा वास चिकटला तो जाईना. दोन दिवस शमिकानं तिच्या हातची पोळी नाक मुठीत धरून खाल्ली.

शनिवारी हेमंत आला आणि बायकोला गाडीच्या पोटाखाली आडवी पाहून दारातच खिळला.

“अलका! हे काय चालवलंयस?”

“अहो, तेवढा कंदील… टॉर्च धरा हो जरा.”

तो रागावणार होता. पण काजळीनं माखलेल्या त्या चेहऱ्यावर त्याला किती तरी वर्षांनी हसू दिसलं, आणि त्याचा राग विरघळला. तो टॉर्च धरून उकिडवा बसला. पुढच्या आठवड्यात गाडीच्या मुदत संपलेल्या कागदपत्रांच्या मागेही तोच लागला, आणि शमिकानं परस्पर आईचं शिकाऊ लायसन्स काढून घेतलं. “सोच लो आई, गाडी चालू झाली तर कुणीतरी चालवायला पाहिजे ना!”

एक दिवस पुढच्या डाव्या सीटखालची चटई उपसताना अलकाच्या हाताला काही तरी लागलं. गव्हाचे दाणे! करोंदच्या कुठल्या तरी जुन्या फेरीत सुमित्राबाईंच्या मुठीतून, दाताखाली फोडून बघता बघता सांडलेले… काही किडलेले, काही मात्र अजून तसेच पिवळे, टपोरे. ती हातातलं काम टाकून तिथंच बसली, आणि आवरता आवरेना इतका तिला हुंदका फुटला. “आई, तुम्ही असतात तर विचारलं असतंत हो त्यांना…” एकेक दाणा वेचून तिनं मसाल्याच्या डब्यातल्या मधल्या वाटीत ठेवला.

आणि एका दुपारी, शमिकानं “लास्ट ट्राय!” म्हणून किल्ली फिरवली, तर इंजिन खोकलं, थरथरलं, विझलं… पुन्हा खोकलं, आणि पांढऱ्या धुराचा लोट सोडून चालू झालं! पाखरं भुर्रकन उडाली. अलका बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभी होती, पत्र्यातून येणारी ती थरथर तिच्या हातांतून थेट हृदयापर्यंत जात होती, आणि ती एकाच वेळी हसत होती, रडत होती!

ब्रेक आणि वेल्डिंगसाठी आशिषचा माणूस टायरांत हवा भरून गाडी दोरानं ओढून घेऊन गेला त्याच दिवशी नागपूरहून नणंदेचा, पल्लवीताईंचा फोन आला. भाऊंचे दोन्ही डोळे छान झालेत, काळा चष्मा तेवढा आहे, असं त्या सांगत होत्या. आनंदाच्या भरात अलकाच्या पोटात गुपित राहीना.

“ताई, एक सांगू? भाऊंना एवढ्यात बोलू नका हं. ते यायच्या आत मला गाडी काढायची आहे!”

पल्लवीताईंचा आवाज एकदम खाली आला.

“गाडी… काढायची?”

“हो ना! आज गॅरेजवाल्याचा माणूस घेऊनसुद्धा गेला. परवापर्यंत सगळं उरकेल बघा. पण भाऊंना नाही हं सांगायचं!”

“बरं,” एवढंच म्हणून पल्लवीताईंनी फोन ठेवला. बिचाऱ्या जन्मापासून भोपाळच्या! त्यांनी जे ऐकलं ते त्या वडिलांपासून कशा लपवणार?

त्या परवाच्या दिवशी अलका अंगणात सीटची धुतलेली कव्हरं वाळत घालत होती. हेमंत रजा टाकून गाडी आणायला गॅरेजमध्ये गेला होता. फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला, तिनं वळून पाहिलं… भाऊ! पाडव्याला अजून आठवडा होता, आणि भाऊ काळा चष्मा लावलेले, एकटे, हातात नुसती एक पिशवी घेऊन फाटक ढकलून आत येत होते. ते सरळ बदामाच्या झाडाकडे गेले. तिथं ताडपत्रीची घडी होती, जमिनीवर तेलाचा डाग होता, आणि गाडीएवढी मोकळी जागा होती.

भाऊ वळले. “काढली?”

सहा वर्षांत पहिल्यांदा ते तिच्याशी बोलले होते! मध्ये शमिका नाही, घड्याळ नाही… थेट तिच्याकडे बघून! त्या हर्षानं अलकाचं भानच हरपलं. ताईंनी सांगितलंच वाटतं! म्हणून भाऊ धावत आले!

“हो भाऊ!” ती ओलं कव्हर छातीशी धरून म्हणाली. “काढली!”

भाऊ झाडाच्या पारावर मटकन बसले. “जीत गई तू… सुमित्राची जागा होती गं ती! शेवटची बसली ती तिथंच. मी मेल्यावर काय करायचं ते केलं असतं तर कुणी अडवलं होतं? पण तुला तेव्हाच नको झाली होती ती. तिला जाऊन महिना नाही झाला, तर चहा देता देता म्हणालीस, गाडी काढा आता! बेटी म्हटलं होतं मी तुला… मी नाही ऐकलं, तर माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली जायची वाट पाहिली?”

अलकाच्या हातातलं कव्हर गळून पडलं. हा माणूस काय बोलतोय ते तिला कळेना. शब्द तर तिचेच होते, तिनंच उच्चारलेले… गाडी काढा आता… पण त्यांचा अर्थ हा कुठून आला? नको झाली? कुणाला नको झाली? ती भिरभिरल्यासारखी त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग एकाएकी, किती तरी वर्षांपूर्वीचं, घरभर उसळलेलं ते हसणं तिच्या कानांत घुमलं.

“फ्रिज…” ती पुटपुटली. “भाऊ, फ्रिज!”

“काय?”

“फ्रिज आठवतो का हो तुम्हाला? आई म्हणाल्या काढायचा आहे, आणि मी भिंतीपासून ओढून बाहेर काढला! तुम्ही सगळे हसलात!” ती त्यांच्या पायांशी गुडघ्यांवर बसली. तिचा आवाज फाटत होता. “अहो, आमच्या पुण्यात गाडी काढा म्हणजे बाहेर काढा! फिरवा! चक्कर मारून या! तुम्ही खिडकीशी बसून झुरत होतात, मला बघवत नव्हतं… म्हणून म्हटलं मी, गाडी काढा. विका कसं म्हणेन भाऊ? आईंची जागा विका, असं मी… मी म्हणेन?”

भाऊंनी चष्मा काढला. “पण… दुसऱ्या दिवशी पाय धरून म्हणालीस, माझी घाई झाली…”

“तुमच्या दुःखात मध्ये बोलले म्हणून! मला तरी दुसरं काय कळत होतं?”

भाऊ हातातल्या चष्म्याकडे बघत राहिले.

“मी ‘निकालतो’ म्हणायचो,” ते कसंबसं बोलले. “आमच्या घरात काढणं म्हणजे… अरे देवा! सहा वर्षं! एका शब्दापायी पोरीला वाळीत टाकलं मी. तिच्या हातचं रोज जेवलो आणि घड्याळाशी बोललो! एकदा विचारलं असतं तर… एकदा!”

“मीही नाही विचारलं, भाऊ. माझी पण चूक आहे.”

“तुझी नाही. तुझी कुठलीच नाही.” आणि तो म्हातारा, कणखर, कारखान्यात शेकडो माणसं वाकवलेला माणूस लहान मुलासारखा रडू लागला.

“भाऊ! अहो, ऑपरेशन झालंय! डोळ्यांत पाणी आणायचं नाही!” अलका स्वतः घळघळा रडत त्यांना दटावत होती, पदरानं त्यांचे गाल टिपत होती, आणि त्यांचा तो हात, ज्याची तिनं इतकी वर्षं वाट पाहिली, आपोआप तिच्या डोक्यावर येऊन थांबला.

“मग गाडी…?” भाऊंनी विचारलं.

उत्तर बाहेरून आलं. जुन्या हॉर्नचा तो घोगरा आवाज भाऊंनी झोपेतही ओळखला असता! ते उठून उभे राहिले. हेमंत गाडी वळवून फाटकातून आत आणत होता, शेजारी कुणीच बसलेलं नव्हतं, आणि मागच्या काचेवर शमिकानं चिकटवलेलं लाल ‘एल’ अक्षर झळकत होतं.

“भाऊ? तुम्ही कधी आलात?” हेमंत उतरता उतरता गोंधळून म्हणाला.

भाऊंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ते गाडीभोवती हळूहळू फिरले, टपावरून हात फिरवला, नव्या डोळ्यांनी एकेक इंच बघितला. दाराच्या कडेशी थांबले. “हे फुगे कसले?”

“गंजावरूनच रंग मारला मी,” अलका ओशाळून म्हणाली. “आधी खरवडायचा असतो, ते नंतर कळलं.”

“तू मारला?”

“सगळं तिनंच केलंय,” हेमंत म्हणाला. “फक्त ब्रेक आणि वेल्डिंग गॅरेजचं.”

शमिका घरातून मसाल्याचा डबा घेऊन आली. उरलेले स्क्रू अजून त्यात होते, आणि मधल्या वाटीत गहू. “आजोबा, हे आजीच्या सीटखाली सापडलं. आईनं एक दाणाही फेकू दिला नाही.”

भाऊंनी एक दाणा उचलला. सुमित्राबाई फोडायच्या तसा दाताखाली धरला, आणि डोळे मिटून तसेच उभे राहिले. मग पिशवी हेमंतच्या हातात दिली.

“ही आत ठेव. आणि पल्लवीला फोन कर, म्हणावं त्या खोलीत तू आपलं शिलाई मशीन ठेव. मी सामान वगैरे काही नेणार नाही.”

कुणी काही बोलायच्या आत भाऊंनी गाडीचं डावं दार उघडलं. त्या सीटवर इतकी वर्षं कुणी बसलं नव्हतं; साफ करताना तीसुद्धा खाली जमिनीवर बसून हात लांब करायची. भाऊ वाकले, सावकाश आत बसले, पट्टा लावला, आणि पलीकडच्या, स्टिअरिंगच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं.

“ये.”

“मी? मला कुठं येते, भाऊ? तुम्ही शिकवणार होतात, ते…”

“मग शिकवायलाच बसलोय ना! आज मागच्या मैदानापर्यंत. हात बसला की पुढच्या महिन्यात करोंदला, गहू भरायला. दाणा तू बघायचा.”

ती बसली. हात अजून ओलसर होते, ते तिनं साडीला पुसले. भाऊंनी क्लच दाखवला, गिअर दाखवला. तिनं किल्ली फिरवली, पाय सोडला, गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच! शमिका आणि हेमंत फाटकाशी पोट धरून हसायला लागले.

“हसू नका रे!” भाऊ खिडकीतून गरजले. “बेटी आहे माझी. शिकेल!”

अलकाला समोरचं काही दिसेना. तिनं खांद्यानं डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा किल्ली फिरवली. इंजिन लागलं. भाऊंनी समोर बघितलं, घसा साफ केला, आणि नव्यानं शिकलेला शब्द तोंडात नीट बसवून बघावा तसे सावकाश म्हणाले,

“अलका बेटा… गाडी काढ.”

तिनं क्लचवरचा पाय अगदी हळूहळू उचलला, आणि गाडी फाटकाबाहेर पडली.